भिंतीवरून उतरवलेला चेहरा

गेल्या भीमजयंतीला आमच्या कड्यात तरुणांनी चित्रांचे प्रदर्शन भरवले होते. बाबासाहेबांची चित्रे होती, महाडचे तळे होते, नामांतराचा लढा होता. त्यांच्याच रांगेत एका पोराने स्वतःच्या चेहऱ्याचे पाच ठसे लावले आणि खाली लिहिले, ‘मी समलिंगी आहे.’ संध्याकाळपर्यंत ते कागद उतरवले गेले. उतरवणारे कोणी मनुवादी नव्हते, रोज जयभीम घालणारे आमचेच बांधव होते. ‘बाबासाहेबांच्या शेजारी हे नको,’ एवढेच त्यांचे म्हणणे. आणि कोर्टात तास तास बोलणारे आम्ही त्या संध्याकाळी गप्प बसलो!

हे ठसे कसे केले, ते आम्ही नंतर त्या पोराकडून समजून घेतले. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, समोर आरसा ठेवायचा आणि खोदणीने चेहरा कोरायचा. कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेल्यावर रोलरने शाई बसते. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला की ठसा उमटतो. यंत्र नको की छापखाना नको. ठशात डावे-उजवे उलटते. त्यामुळे आरशात पाहून कोरलेला चेहरा कागदावर सुलटा होतो, म्हणजे जग त्याला जसे पाहते तसाच. शिवाय एका तुकड्यातून शंभर प्रती निघतात. पाच उतरवल्या तर पंचाण्णव उरतात, हे उतरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

ठशाची ही ताकद आम्हाला कोणी वेगळी शिकवायला हवी का? बाबासाहेबांचा स्वस्तातला छापील फोटो कुडाच्या भिंतीवर लागला, तेव्हा त्या झोपडीतला माणूस ताठ झाला. नागपूरचे सवी सावरकर बडोद्याला छापचित्रकला शिकले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य त्यांनी ठशांतून उभा केला. तो पाहून कोणी ‘झाका हे, बघवत नाही’ म्हटले, तर आपण त्याला काय सुनावू? मग तेच आपल्या पोराला का सुनावले?

‘बाबासाहेबांना हे चालले असते का?’ असे आम्हाला विचारण्यात आले. विचारणाऱ्यांनी १९३४ साल उघडून पाहावे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला होता. वाचकांनी हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी विचारले आणि कर्व्यांनी उत्तरे दिली, हा गुन्हा. मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, लोक विचारतात तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची बाजू. समलिंगी ओढीच्या प्रश्नावर त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचा आधार घेतला. खटला हरले. पण पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, अंगावर चळवळीचा एवढा भार, आणि तरी हे वकीलपत्र त्यांनी घेतले होते.

त्याच १९३४ च्या मार्चमध्ये मुंबईत भूपेन खक्कर जन्मले. चार्टर्ड अकाउंटंट झाले, बडोद्याला गेले, चित्रकार झाले. लिनोवरचे ठसेही त्यांनी केले. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात बाल्कनीत एक उघडा माणूस उभा आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची ती जुनी गोष्ट चालली आहे. कसेही वागा, लोक बोलणारच! बाल्कनीतला तो माणूस म्हणजे स्वतः खक्कर, असेच सारे मानतात. २००३ मध्ये ते गेले, तोवर कलम ३७७ जसेच्या तसे होते.

ते कलम १८६० च्या इंग्रजी दंडविधानातले, आपल्या मातीतले नव्हे. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांपुरते रद्द केले, तेव्हा निकालात आधार घेतला बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला. ही माणसे संख्येने अगदी थोडी, असेही त्यात म्हटले होते. डोकी मोजून हक्क द्यायचे असते तर आम्हाला काय मिळाले असते? ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने चूक सुधारली. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला.

तिकडे लग्नाचा हक्क नाही आणि इकडे घरात लग्नाची सक्ती. ‘लग्न करून टाका, पोरगा सुधारेल,’ असे म्हणत एखाद्या गरीब घरची मुलगी आणली जाते. दोन वर्षांनी ती माहेरी परतते आणि कागद आमच्या टेबलावर येतो. त्या मुलीचा काय दोष, याचा जबाब ना सासरा देतो ना पंच.

वकील म्हणून एक कबूल करतो. संविधानाचे कलम १९ मुख्यतः सरकारला अडवते, जयंती मंडळाविरुद्ध त्याचा आधार घेणे कठीण. या पाच कागदांसाठी आम्ही कोर्टात गेलो तर हरू. हा खटला समाजापुढेच चालवावा लागेल.

लिनोचा तो तुकडा पोराने जपून ठेवला आहे. येत्या १४ एप्रिलच्या प्रदर्शनासाठी त्याच्याकडून पाच नवे ठसे आम्ही मागून घेतले आहेत. ते भिंतीवर आम्ही स्वतः लावणार आहोत आणि दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसणार आहोत. ज्यांना ते उतरवायचे असतील, त्यांनी आधी आमच्यासमोर येऊन बसावे.