गोल मोजण्यापूर्वी वेळ मोजा



भाताची कापणी उरकून खाचरे मोकळी झाली, की आपल्या मुलांना तीच मैदाने पुरतात. दोन दगडांचा गोल होतो आणि खेळ सुरू होतो. दिवेलागणीला मुलगा धुळीने माखून घरी परतला, की वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “आज किती गोल केलेस ?” हा प्रश्न चुकीचा नव्हे, परंतु तो अर्धाच आहे. “तुला खेळायला किती वेळ मिळाला ?” हा त्याचा दुसरा अर्धा भाग. तो विचारण्याचे बहुधा राहून जाते आणि त्यामुळे पुष्कळ मुलांवर नकळत अन्याय होतो. म्हणून आज त्याविषयी थोडा विचार करू.

वास्तविक शेतकऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. खळ्यावरची एकाची रास मोठी आणि दुसऱ्याची लहान दिसली, म्हणून पहिल्याचे शेत चांगले असे कोणी जाणता माणूस म्हणत नाही. जमीन किती होती, हे तो आधी विचारतो. पाच एकरांतून मोठी रास निघाली, तर त्यात नवल ते काय ? एका एकरातून लहान रास निघाली असेल, तर कदाचित तेथील पीकच सरस असेल. यालाच आपण एकरी उतारा म्हणतो. खेळाडूच्या बाबतीत गोल ही रास होय आणि मैदानावर मिळालेली मिनिटे ही त्याची जमीन होय.

हिशेब अगदी सोपा आहे. फुटबॉलचा पूर्ण सामना ९० मिनिटांचा असतो. खेळाडूने केलेल्या गोलांना त्याच्या एकूण मिनिटांनी भागावे आणि आलेल्या उत्तराला ९० ने गुणावे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे त्याचे किती गोल पडतात ते कळते. समजा, एका मुलाने पाच सामने पुरते खेळून, म्हणजे ४५० मिनिटांत, ४ गोल केले. त्याचा उतारा ०.८ इतका येतो. दुसऱ्याला सगळी मिळून १२० मिनिटेच मिळाली आणि त्याने २ गोल केले. त्याचा उतारा १.५ होतो. गावात नाव पहिल्याचे होते. वहीतला हिशेब मात्र दुसऱ्याकडेही पाहावयास सांगतो.

हैदराबादेतील चिक्कडपल्लीत बसून हे लिहीत असताना उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. येथून जवळच काचीगुडा आहे. तेथील शाळेत शिक्षकाचे काम केलेले सय्यद अब्दुल रहीम हे पुढे भारतीय फुटबॉलचे थोर मार्गदर्शक झाले. १९५० पासून १९६३ साली त्यांचे निधन होईपर्यंत हैदराबाद सिटी पोलीस संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तेथवर पोहोचणारे भारत हे आशियातील पहिले राष्ट्र होय.

मेलबर्नच्या त्या संघात मुंबईकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा हा आघाडीचा खेळाडू होता. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले, आणि त्यांतील ३ गोल एकट्या डिसोझाचे होते. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्ध भारत १–४ असा हरला. तो एक गोलही त्याचाच. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३–० असे नमविले. संपूर्ण स्पर्धेत भारताचे गोल ५, आणि त्यांपैकी डिसोझाचे ४. सर्वाधिक गोलांचा मान त्याला युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्यासह मिळाला, कारण तिघांचेही गोल चार चारच होते.

आता वेळेचा प्रश्न विचारून पाहा. भारताचे तिन्ही सामने ९० मिनिटांत आटोपले. एकूण मिनिटे २७०. त्यांत ४ गोल, म्हणजे डिसोझाचा उतारा सामन्यामागे सुमारे १.३३ झाला. बल्गेरियाचा सोव्हिएत संघाविरुद्धचा उपांत्य सामना मात्र बरोबरीमुळे जादा वेळेत गेला, आणि बल्गेरियाचा संघ स्पर्धेत एकूण ३०० मिनिटे मैदानावर राहिला. म्हणजे भारतीयांपेक्षा त्या संघाला अर्धा तास जास्त मिळाला होता. तक्त्यात नुसते ‘४’ आणि ‘४’ असे आकडे शेजारी शेजारी छापले, की हा अर्धा तास दिसेनासा होतो.

पाच वर्षांपूर्वीचे, १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथे साहू मेवालाल याने ३ सामन्यांत ४ गोल केले आणि इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोलही त्याचाच होता. डिसोझाचेही ३ सामन्यांत ४ गोल. तेव्हा दोघे सारखेच, असे आपण सहज म्हणू. परंतु दिल्लीतील सामने ८० मिनिटांचेच होते. मेवालालची मिनिटे २४० धरली, की त्याचा उतारा १.५ होतो. यावरून डिसोझापेक्षा मेवालाल श्रेष्ठ होता असे मात्र कोणी समजू नये, कारण दोघांचे प्रतिस्पर्धी निराळे होते. सामन्यांची संख्या सारखी असली, तरी वेळ सारखा असेलच असे नाही, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे. त्या काळी आपल्या देशातील सामने तर बहुधा ७० मिनिटांचेच असत. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. अनवाणी पायांबरोबरच अखेरच्या वीस मिनिटांचा सराव नसणे, हेही त्या पराभवाचे एक कारण मानले गेले.

जुन्या काळी या हिशेबाची गरज कमी होती. सुरुवातीचे अकरा खेळाडूच शेवटपर्यंत खेळत; बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. इंग्लंडच्या लीगमध्ये ती १९६५ पासून आणि विश्वचषक स्पर्धेत १९७० पासून मिळाली. साथीच्या काळात, २०२० साली, एका सामन्यात पाच बदली खेळाडूंना तात्पुरती परवानगी देण्यात आली आणि २०२२ मध्ये तो नियम कायम झाला. तेव्हापासून कोणी ९० मिनिटे खेळतो, कोणी ६०, तर कोणी अखेरची १०. सारेच ‘एक सामना खेळला’ असे मोजले गेले, तर तो हिशेब न्यायाचा होत नाही.

तथापि या मापालाही मर्यादा आहेत, आणि त्या जाणल्यावाचून ते हाती घेणे धोक्याचे आहे.

पहिली मर्यादा थोड्या वेळेची. समजा, एखादा मुलगा अखेरची १० मिनिटे उतरला आणि त्याने १ गोल केला. हिशेबाप्रमाणे त्याचा उतारा सामन्यामागे ९ गोल झाला ! असा खेळाडू जगात कोणी पाहिलेला नाही. वर सांगितलेल्या १२० मिनिटांच्या मुलाचेच पाहा. त्याच्या दोन गोलांपैकी एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता, तर त्याचा उतारा १.५ वरून ०.७५ वर आला असता, म्हणजे पहिल्या मुलाच्याही खाली. उलट ४५० मिनिटे खेळलेल्या मुलाचा एक गोल कमी केला, तरी त्याचा उतारा ०.८ वरून ०.६ एवढाच उतरतो. एका पावसावरून शेताची परीक्षा होत नाही, त्याचप्रमाणे थोड्या मिनिटांवरून खेळाडूची होत नाही.

हैदराबादचेच अलीकडचे उदाहरण घेऊ. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. हैदराबाद एफ. सी. हा संघ केरळ ब्लास्टर्सच्या एका गोलाने मागे होता. ८८ व्या मिनिटाला बदली म्हणून उतरलेल्या साहिल तावोरा या गोमंतकीय तरुणाने दुरून चेंडू मारून बरोबरी साधली. त्या दिवसाच्या मिनिटांवरून त्याचा उतारा काढला, तर तो अवास्तव येईल. त्याच हंगामात त्या संघाच्या बार्थोलोम्यू ओगबेचे याने २० सामन्यांत १८ गोल केले. ओगबेचेचा आकडा महिनोन्‌महिने घडत गेला. तावोराचा एका क्षणात घडला. दोन्ही मोलाचे, परंतु पुढच्या हंगामाचा अंदाज बांधावयाचा असेल, तर पहिल्यावरच विसंबावे लागते.

दुसरी मर्यादा प्रतिस्पर्ध्याची. डिसोझाच्या चार गोलांपैकी तीन ऑस्ट्रेलियाविरुद्ध, एक युगोस्लाव्हियाविरुद्ध आणि बल्गेरियाविरुद्ध एकही नाही. माणूस तोच, परंतु समोरचा बचाव निराळा. शिवाय अखेरीस उतरणाऱ्याला दमलेले बचावपटू लाभतात, हेही विसरू नये. पेनल्टीचे गोलही निराळे लिहून ठेवावेत, कारण ते मारण्याचा मान संघातल्या एखाद्यालाच मिळतो.

तिसरी मर्यादा कामाची. फातोर्ड्याचा तो सामना जादा वेळेतही बरोबरीतच राहिला आणि हैदराबादने तो पेनल्टी किकवर ३–१ असा जिंकला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने तीन किक अडविल्या. गोलांच्या वहीत कट्टीमनीचे पान कोरेच राहणार. सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा आघाडीचा नामवंत खेळाडू. परंतु स्वतःच्या गोलांइतकेच दुसऱ्यांना गोलाची संधी करून देण्याबद्दलही त्याचे नाव घेतले जाते. आणि जर्नेलसिंगाचे काय ? तो मूळचा बचावपटू. १९६२ साली जकार्त्याला डोक्याला जखम झाल्यावर रहीम यांनी त्याला आघाडीला उभे केले, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारताने २–१ असा विजय मिळविला, त्यातील एक गोल त्याचा होता. तोवरच्या गोलांचाच आकडा रहीम यांनी पाहिला असता, तर हा प्रयोग त्यांना सुचलाही नसता.

वाचकहो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सर्व हिशेबात वरचा आकडा, म्हणजे गोल, मुलाच्या पायाने ठरतो. खालचा आकडा, म्हणजे मिनिटे, बहुतांशी मोठी माणसे ठरवितात. संघ निवडणारे, सामन्याची वर्गणी भरणारे, बूट विकत घेऊ शकणारे वा न शकणारे आईबाप, हे सारे मिळून एका मुलाला ४५० मिनिटे देतात आणि दुसऱ्याला ३०. मग वर्षअखेरीस आपण म्हणतो, “त्याने केलेच काय ?” बलराम यांची एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. अम्मुगुड्याहून हैदराबादेस सरावाला रोज येण्याइतके पैसे त्यांच्या घरी नव्हते. तेव्हा रहीम यांनी त्यांच्यासाठी सायकलीची सोय केली, असे ते सांगत असत. ती सोय झाली नसती, तर बलराम यांच्या नावापुढची मिनिटेच लिहिली गेली नसती, मग गोल कोठून येणार ? १६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते वारले, तेव्हा भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा एक थोर खेळाडू गेला म्हणून साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली.

रहीम यांनी हैदराबादेत काही आगळ्या स्पर्धाही भरविल्या होत्या. एका प्रकारात चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई असे. दुसऱ्यात खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारावयाचा असे. कोणाच्या अंगी काय दडले आहे, हे नेहमीच्या सामन्यातील गोलांवरून कळत नाही, हे त्या शिक्षकाने ओळखले होते.

तेव्हा आपल्या गावच्या संघचालकांना आणि पालकांना एक व्यवहारी सूचना करावीशी वाटते. एक साधी शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार रकाने आखावेत : मैदानावरची मिनिटे, गोल, दुसऱ्याला करून दिलेले गोल आणि समोरचा संघ. शिटी वाजल्यापासून घड्याळ पाहून नोंद करण्याचे काम एखाद्या लहान भावाला किंवा बहिणीला द्यावे. त्यांना भागाकाराचाही सराव होईल. हंगामाच्या मध्यावर वही उघडावी. ज्याचा उतारा चांगला, परंतु मिनिटे थोडी, त्याला लगेच डोक्यावर घेऊ नये आणि विसरूही नये. पुढचे तीन सामने त्याला पुरते खेळवावे. ज्याची मिनिटे पुष्कळ आणि उतारा कमी, त्याला घालवून देण्याआधी दुसऱ्या जागी खेळवून पाहावे. आणि ज्याच्या नावापुढे मिनिटांचा रकाना रिकामाच आहे, त्याच्याविषयी कोणतेही मत देण्याचा आपल्याला अजून अधिकार नाही. त्याला पुढच्या रविवारी मैदानावर उतरवावे.