बोर्ड गेला, म्हणे!

इंडक्शन चालू होत नाही अशी तक्रार केली की कंपनीच्या फोनवरून हल्ली एकच निदान येतं: बोर्ड गेला. शेगडी बघायची नाही, उघडायची नाही, नाडी फोनवरच लागते! या आठवड्यात आमच्या शेजारच्या वहिनींना हेच ऐकवलं गेलं. नव्या बोर्डाचा आकडा नव्या शेगडीच्या निम्म्याहून जास्त. 'कंपन्यांवर उगाच घसरता' असं म्हणणाऱ्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं.

वहिनींनी शेगडी नाक्यावरच्या रिपेअरवाल्याकडे नेली. मी मुद्दाम सोबत गेलो. त्याच्या टेबलावर होता सिरीज बोर्ड, म्हणजे होल्डरमधला शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. शेगडीला करंट मिळणार तो या बल्बातून जाऊनच. बल्ब पेटलाच नाही, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. वायर ठीक होती, फ्यूज उडाला होता. घाईतला माणूस इथे नवा फ्यूज टाकून शेगडी थेट लावतो आणि तोही उडवतो. यानं नवा फ्यूज टाकून पुन्हा बल्बातूनच सप्लाय दिला. बल्ब भक्कन पूर्ण पेटला. "आत शॉर्ट आहे," एवढंच म्हणून त्यानं मीटर लावला. आयजीबीटी गेला होता. कॉइलला झपाझप चालू-बंद करणारा तो काळा तुकडा, १२०० व्होल्ट, २० अँपिअरचा. पंख्याच्या जाळीत पीठ आणि झुरळं अडकल्यावर तो तापणार नाही तर काय! नवा बसवला, हीटसिंकला पांढरी पेस्ट लावली. या वेळी बल्ब क्षणभर लुकलुकून विझला, शेगडीनं 'टुं' केलं. बिल कंपनीच्या आकड्याच्या चौथाईत.

कंपनीच्या माणसाकडे प्रशिक्षण आहे, एरर कोडची यादी आहे. याच्याकडे बल्ब. पण बल्ब दोष नेमका कुठे आहे ते शोधायला लावतो, यादी नेमकं काय विकायचं ते सांगते. फ्यूज विकून टार्गेट पुरं होत नाही, असा माझा आपला संशय. पुरावा मागू नका.

फोनवाल्यांनी जे विचारायला हवं होतं, ते मी विचारतो: शेगडी लावली कुठे? २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. बिल्डर ओट्यावर ६ अँपिअरचे पॉइंट देऊन मोकळा होतो आणि आपण त्यात मल्टिप्लग खुपसतो. चार्जर चालतो म्हणून पॉइंट ठणठणीत ठरत नाही. १६ अँपिअरचाच पॉइंट घ्या, आणि तो सैल वाटला तर आधी बदलून घ्या.

राहता राहिला दुरुस्तीचा प्रश्न. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे पोर्टलही काढलं. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन किती दुरुस्त होण्याजोगं आहे, याचे दहापैकी गुण दुकानात दाखवणं सक्तीचं झालं. कंपन्यांनो, आपल्याकडे गुणांचं राहू द्या. शेगडीखालच्या स्टिकरवर कस्टमर केअरचा नंबर ठसठशीत छापता, त्याच्या शेजारी फ्यूजचा आणि आयजीबीटीचा नंबर छापायला किती शाई लागते?

तोवर वाचकहो, नाक्यावरचं दुकान सकाळी दहाला उघडतं.

– खटपट्या