भिवंडीची शांतता बदलीच्या आदेशावर टांगलेली नको



सणासुदीचे दिवस जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलावली जाते, त्याच त्या मान्यवरांना चहा मिळतो, सलोख्याचे आवाहन होते आणि मिरवणूक सुखरूप पार पडली की समिती पुढच्या सणापर्यंत विस्मरणात जाते. दंगल सणाच्या दिवशी पेटते, म्हणून ती त्या दिवसापुरती रोखली की झाले, अशी समजूत या रिवाजाच्या मुळाशी आहे. समूहाच्या वर्तनाचा अभ्यास करणारे सामाजिक मानसशास्त्र नेमके याच्या उलट सांगते, आणि त्याचा पुरावा भिवंडीच्याच इतिहासात आहे.

7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून उसळलेल्या दंगलीने हे शहर देशभर बदनाम झाले. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला, त्याचा सविस्तर अहवालही आला, तरी मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. पुढे 1988 मध्ये येथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी शहरभर सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत हिंदू व मुस्लिम सदस्यांची संख्या समान ठेवली आणि त्या भागाच्या बीट शिपायाला समितीशी कायमचे जोडून दिले. या समित्यांत ऐक्यावर भाषणे होत नसत. गटार, पाणी, भाडेकरूचे भांडण, नवरा-बायकोचा तंटा असे गल्लीतले किरकोळ विषय तेथे निघत आणि दोन्ही समाजांची माणसे ते मिळून मिटवत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोन दंगलींचा शिक्का बसलेल्या गावाकडून ही अपेक्षा कोणीही केली नव्हती.

हे का घडले, याचे उत्तर मानसशास्त्राकडे आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात असे मांडले की, दोन गटांची माणसे नुसती जवळ राहिल्याने पूर्वग्रह, म्हणजे अनुभवाआधीच बनवून ठेवलेले प्रतिकूल मत, कमी होत नाही. त्यासाठी त्यांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, ते गाठण्यासाठी परस्परांची गरज पडावी लागते आणि या साऱ्याला अधिकारसंस्थेचे पाठबळ असावे लागते. भिवंडीतील यंत्रमागाचा कारखाना या कसोटीवर तपासून पाहण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशातून आलेला विणकर, तेलंगणातून आलेला पद्मशाली आणि स्थानिक माणूस येथे एकाच धंद्यात आहेत. पण मागांच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळीत बोलणे होते ते खाणाखुणांनी, पाळी सुटली की जो तो आपापल्या वस्तीत आणि आपापल्या भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवायला जातो, आणि मालक, मुकादम व मजूर यांच्यात समान दर्जाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. एका छपराखाली आयुष्य जाते, ओळख मात्र होत नाही. मोहल्ला समितीत ऑलपोर्टच्या चारही अटी एकदम पूर्ण झाल्या. तुंबलेले गटार कोणत्या धर्माचे, हे ठरवता येत नाही. ते दोघांनाही साफ हवे असते. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये जगभरातील 500 हून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो, असाच निष्कर्ष निघाला.

अफवेचेही असेच. ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 मध्ये मांडले की अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो, विषय ऐकणाऱ्याला किती महत्त्वाचा आहे आणि त्याबाबतची माहिती किती संदिग्ध आहे; गुणाकार असल्याने यांपैकी एक शून्य झाली की अफवा विझते. मिरवणुकीवर दगड पडल्याची बातमी भिवंडीकरांना बिनमहत्त्वाची वाटावी, हे कोणाच्याही हातात नाही. संदिग्धता मात्र मिटवता येते. निजामपुऱ्यातील दुकानदाराला मंडईतील समिती-सदस्याचा आवाज ओळखीचा असेल आणि ‘खरे काय झाले?’ असे विचारण्याइतका विश्वास असेल, तर ती बातमी दोन मिनिटांत तपासली जाते. आज मोबाइलवर जुनी चित्रफीत नवी म्हणून फिरवायला दोन मिनिटेही लागत नाहीत, त्यामुळे असा ओळखीचा आवाज पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की दंगलीमागे राजकारण असते, जागेचे आणि धंद्याचे हितसंबंध असतात, तेथे मनाचे शास्त्र काय करणार? आक्षेपात तथ्य आहे. मानसशास्त्र मजुराची मजुरी वाढवू शकत नाही आणि आग लावणाऱ्याचा स्वार्थही नाहीसा करू शकत नाही. तथापि आग लावणारे मूठभर असतात आणि त्यांना जळण लागते ते इतरांच्या मनातील भीतीचे. ती भीती कशी साचते आणि कशी ओसरते, हा मानसशास्त्राचाच विषय आहे. भारत सरकारला हे एकेकाळी मान्य होते. फाळणीनंतर जातीय तणावाच्या अभ्यासासाठी 1950 मध्ये युनेस्कोमार्फत गार्डनर मर्फी या मानसशास्त्रज्ञाला पाचारण करण्यात आले होते आणि भारतीय संशोधकांच्या साहाय्याने झालेल्या त्या कामावरचा ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्धही झाला. त्यानंतर मानसशास्त्र म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचे शास्त्र, ही समजूत आपल्या प्रशासनाने का जवळ केली, हे कोडेच आहे.

दुसरा आक्षेप असा की खोपडे पोलीस अधिकारी होते, मानसशास्त्रज्ञ नव्हते. हे खरेच आहे, आणि प्रयोगाची दुर्बळ बाजूही तीच आहे. एका अधिकाऱ्याच्या कल्पकतेने जे साधले, ते का साधले याची उकल करून ते नियमात बसवले नाही, तर ते त्याच्या बदलीबरोबर निघून जाते. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून याच शहरात हिंसा झाली, दोन पोलीस शिपाई मारले गेले आणि पोलीस गोळीबारातही बळी गेले. तो वाद दोन समाजांतला नव्हता, मोहल्ला आणि पोलीस यांच्यातला होता. म्हणजे 1988 मध्ये जो धागा सर्वांत आधी विणला गेला, तोच तुटला होता.

म्हणून गृह विभागाने आणि भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेने मोहल्ला समित्यांना सणांपासून सोडवून बारमाही करावे, त्यांत यंत्रमाग कामगारांना आणि स्त्रियांना मालकांच्या बरोबरीने बसवावे, बीट शिपायांच्या प्रशिक्षणात अफवा आणि पूर्वग्रह यांचे मानसशास्त्र समाविष्ट करावे आणि समित्यांच्या कामाची नोंद ठेवण्याचे, ती तपासण्याचे काम महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांकडे सोपवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. पुढची बैठक सण नसलेल्या एखाद्या साध्या आठवड्यात बोलवावी आणि तिच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय गटाराचा ठेवावा.

— एक वाचक, भिवंडी