शेख एकच, स्पेलिंगं चार

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. "मामू, माझी स्कॉलरशिप अडकली. पोर्टल म्हणतंय नाव जुळत नाही."

तिने अर्जात काही चुकीचं लिहिलं नव्हतं. खरं तर तिने फारसं काही लिहिलंच नव्हतं. पोर्टलने तिची माहिती परस्पर उचलली होती. नाव आधारवरून, दहावीचे गुण बोर्डाकडून, खातं बँकेकडून. आणि या तीन ठिकाणी माझी एकच भाची तीन वेगळ्या मुली निघाली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, शेवटी वडिलांचं. आधारवर तिचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. बँकेत कुणीतरी शेखच्या स्पेलिंगमधला 'आय' गाळला होता आणि वडिलांच्या 'मोहम्मद'चं नुसतं 'एमडी' करून टाकलं होतं.

मग प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, बँकेच्या फेऱ्या. एका खिडकीवर सांगितलं, आधी तिकडून दुरुस्त करून आणा. तिकडे सांगितलं, आधी इकडून. दीड महिना गेला. फी चाचाकडून उसनी घेतली.

आपल्या नावांचा प्रवासच तसा आहे. नाव अरबी किंवा फारसी, घरात हाक दखनीत, शाळेत गुरुजींनी ते मराठीत लिहिलं, पुढे एका ऑपरेटरने घाईत इंग्रजीत टाइप केलं. शेखची चार स्पेलिंगं मी माझ्याच खानदानात दाखवू शकतो. काझी कुणी 'के'ने लिहितो, कुणी 'क्यू'ने. पण हे दुखणं एकट्या मुसलमानांचं नाही. दीक्षितांचंही आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईचं तर आहेच.

एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी वापरण्याला माझा विरोध नाही. तोच दाखला दहा कचेऱ्यांत दहा वेळा द्यायचे दिवस मी पाहिलेत. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून बँक, पॅन, शिष्यवृत्ती असं एकेक त्याला जोडलं गेलं. जोडणी नीट झाली तर गरिबाचा दिवसाचा रोज वाचतो. माझी तक्रार वेगळी आहे. माहिती जोडायची ठरवली यंत्रणेने, त्यातली चूक मात्र निस्तरायची मुलीने.

नावं वेगवेगळी लिहिली जातात, हे काही संगणकाला नवं नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी उच्चारावरून नावं जुळवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१८ साली घेतलं. तीच पुढे 'साउंडेक्स' म्हणून ओळखली गेली. तिच्यात शेखच्या चारही स्पेलिंगांना एकच संकेतांक मिळतो. अर्थात तीही पुरी पडत नाही. पहिलं अक्षर ती तसंच ठेवते, त्यामुळे 'के'चा काझी आणि 'क्यू'चा काझी तिच्या लेखी दोन माणसं. म्हणून शेवटी माणसाने पाहावं लागतं. जन्मतारीख तीच आहे का, बापाचं नाव तेच आहे का, गाव तेच आहे का.

हे काम आपल्या विद्वानांनी कागद-कलमाने केलं आहे. हदीस सांगणारे रावी हजारो. कुणी एकाच नावाचे दोन, तर कुणी दोन नावांनी ओळखला जाणारा एकच. अकराव्या शतकातल्या खतीब बगदादींनी याच घोटाळ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, 'मूझिह औहाम अल-जमा वत्-तफरीक'. म्हणजे दोघांना एक समजण्यातल्या आणि एकाला दोन समजण्यातल्या चुकांचा उलगडा. इमाम बुखारींसारख्या थोरांच्या अशा चुकाही त्यांनी अदब राखून दाखवल्या. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शहानिशा करण्याची जबाबदारी नोंदी जोडणाऱ्याची होती. रावीला कबरीतून उठवून कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.

आजचा कायदाही याच दिशेने बोलतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तरतूद आहे, की ज्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय होणार किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार, ती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री माहिती बाळगणाऱ्याने करावी. मग माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे. नाव जुळलं नाही तर नेमकं कुठे काय लिहिलं आहे, ते अर्जदाराला समोर दाखवा. तपासणी होईपर्यंत पैसे अडवू नका. आणि एका ठिकाणी झालेली दुरुस्ती बाकीच्या ठिकाणी आपोआप पोचू द्या. माहिती जर इकडून तिकडे जाते, तर दुरुस्ती का जात नाही?

थोडं आपल्याही पदरात घेऊ. मूल जन्मलं की अकिक्याची दावत ठरते, पण नावाचं स्पेलिंग ठरत नाही. ते एकदा ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि जन्मदाखल्यापासून बँकेपर्यंत तेच द्या.

भाचीची स्कॉलरशिप अखेर आली. ती आता गमतीने म्हणते, "मामू, मी आता सगळीकडे एकच आहे." मी हसतो. पण ती एकच होती, पहिल्या दिवसापासून.