निकाल लागला, ग्रुप फुटला : ट्रेकिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळताना मी केलेल्या चुका

मी पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपची ॲडमिन आहे. दोनशेच्या आसपास माणसं. कॉलेजची पोरं, आयटीवाले, दोन डॉक्टर, एक रिक्षावाले दादा आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. या काकांना सह्याद्रीतल्या वाटा घरच्या गल्लीसारख्या माहीत. सात वर्षं ग्रुपवर भांडण झालं तर ते गाडी किती वाजता निघणार यावरून. मग २०२४ साल आलं, एका वर्षात दोन निवडणुका घेऊन.

२३ नोव्हेंबरला, शनिवारी, विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. दुपारी बारापर्यंत आमच्या ग्रुपवर गुलाल उधळून झाला होता, संध्याकाळी ईव्हीएमवर चर्चा सुरू झाली आणि रात्री लोक एकमेकांच्या घरच्यांवर आले. सोमवारी सकाळी मी मोजलं, सहा जण ग्रुप सोडून गेले होते. काका त्यातले एक. आणि २० डिसेंबरला आमचा रतनगड ते हरिश्चंद्रगड हा मोठा ट्रेक ठरलेला होता, काकांच्या भरवशावर.

आता हे का झालं ते सांगते. सगळा दोष माणसांचा नाही, थोडा ॲपचाही आहे आणि बराचसा माझा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी उधारी. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा चित्र उलटं होतं. राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. तेव्हा ज्यांनी टोमणे मारले होते त्यांचे मेसेज नोव्हेंबरमध्ये एकेक करून वर आले. व्हॉट्सॲपमध्ये जुना मेसेज शोधून त्याला रिप्लाय दिला की तो आजच्या गप्पांमध्ये ताजा होऊन बसतो. चहाच्या टपरीवर जूनमध्ये कोण काय बोललं हे नोव्हेंबरमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही. फोन मात्र शब्द न् शब्द जपून ठेवतो, वेळेसकट.

दुसरी गोष्ट फॉरवर्डची. त्या दोन दिवसांचे मेसेज मी नंतर शांतपणे परत वाचले. भांडणातला बराचसा मजकूर आमच्या माणसांनी लिहिलेलाच नव्हता! मेसेजच्या वर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर समजायचं की तो तुमच्यापर्यंत पाच किंवा जास्त हातांमधून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, २०२० पासून ही मर्यादा आहे. पण मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाणही जातात आणि लेबलही जातं. मग वाटतं, आपल्या डॉक्टरनेच हे लिहिलंय. कुठल्यातरी आयटी सेलचं वाक्य, आणि आपण रागावतो आपल्याच दोरीला धरणाऱ्या माणसावर. पक्षांना आपले छंदाचे ग्रुप का आवडतात याचं उत्तर इथे आहे. टीव्हीवरच्या प्रवक्त्यावर आपला विश्वास नसतो, पण गेल्या पावसाळ्यात ज्याने आपल्याला घसरताना धरलं त्याच्यावर असतो.

आता माझ्या चुका.

रविवारी सकाळी मी घाबरले. कुणीतरी लिहिलं होतं, ‘ॲडमिनला पोलीस उचलतात, माहितीये ना?’ हा समज खूप पसरलेला आहे म्हणून थोडं थांबून सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. त्यासाठी ॲडमिनचा त्यात सामायिक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसायला हवा. म्हणजे ग्रुप चालवणं हा गुन्हा नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी पुढचा आगाऊपणा केला नसता.

मी ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकतील असं करून टाकलं. कुलूप. वाटलं, आता शांतता. पण कुलूप लावलं त्या क्षणी सगळ्यात खालचा मेसेज एका बाजूचा टोमणा होता. मी तो पाहिलाही नव्हता. दोनशे लोकांच्या स्क्रीनवर चोवीस तास तोच शेवटचा शब्द, आणि दुसऱ्या बाजूला उत्तर द्यायची सोय नाही. मला कुणाकुणाचे पर्सनलवर मेसेज आले, ‘कळलं तू कुणाची आहेस ते.’ मी मत कुणाला दिलं हे माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, हे जाता जाता.

मग सोमवारी कुलूप काढून मी पोल टाकला. ‘ग्रुपवर राजकारण बंद करायचं का? हो / नाही.’ लोकशाही! पण व्हॉट्सॲपच्या त्या पोलमध्ये कुणी काय दाबलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. मतदान केंद्रावर आपण पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून बटण दाबतो ते कशासाठी, हे मला त्या दिवशी नीट समजलं. अर्ध्या तासात ‘नाही’वाल्यांची यादी करून एकाने टाकली, आणि पोलवरूनच दुसरं भांडण. तुम्हाला खरंच गुप्त मत घ्यायचं असेल तर गुगल फॉर्म करा आणि त्यात ईमेल गोळा करायची सेटिंग बंद ठेवा. पोल ठेवा गाडीत कोण कुठून बसणार यासाठी.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. मी रविवारी घाईघाईत बरेच मेसेज उडवले, त्यात काकांचा एक गेला. काकांनी लिहिलं होतं मालवणच्या राजकोट किल्ल्याबद्दल. तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिनेही टिकला नाही. काकांचा प्रश्न होता की आपण किल्ल्यांवर जाणारी माणसं, तर किल्ल्यांवरच्या बांधकामाचा दर्जा कोण तपासतं याची माहिती मागवूया का. त्यात कुठल्याही पक्षाचं नाव नव्हतं. पण मला ‘मालवण’ दिसलं आणि मी दाबून टाकलं. त्या जागी सगळ्यांना दिसत होतं की मेसेज ॲडमिनने डिलीट केला, आणि माझं नाव.

काका गुपचूप गेले. आता ग्रुप सोडला की सगळ्यांना सूचना जात नाही, फक्त ॲडमिनला कळतं. लोक आठवडाभर ‘काका, तंबू किती घ्यायचे?’ म्हणून विचारत होते आणि उत्तर का येत नाही हे फक्त मला माहीत होतं.

खरी अडचण पुढे आली. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीकडे जाताना जंगलात ढोरवाटा फुटतात, नवख्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसतात. काकांनी २०२२ मध्ये या वाटेची जीपीएक्स फाईल ग्रुपवर टाकली होती. जीपीएक्स म्हणजे चालत गेलेल्या वाटेवरच्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एका ओळीत. नकाशा आधी डाऊनलोड केलेला असेल तर रेंज नसतानाही फोन दाखवतो की तुम्ही वाटेवर आहात की भरकटलात, कारण जीपीएस उपग्रहाकडून येतं, मोबाईल टॉवरकडून नाही. मी जुनी फाईल उघडायला गेले. डाऊनलोड होईना. पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा, असा संदेश. आपल्याला वाटतं ग्रुपवर टाकलं म्हणजे ते कायमचं तिथे राहिलं. पण तुम्ही वेळेत डाऊनलोड केलं नाही तर व्हॉट्सॲप ती फाईल तुमच्यासाठी वर्षानुवर्षं सांभाळत बसत नाही. मी तेव्हा केली नव्हती. इतर कुणाकडेही नव्हती. ती होती काकांच्या फोनमध्ये.

मी फोन केला. मेसेज नाही, फोन.

‘काका, तुमचा मेसेज मी वाचला नव्हता नीट. चुकलं माझं.’

‘अगं, मेसेजचं काही नाही. पण तू मला त्या शिवीगाळ करणाऱ्यांच्या रांगेत बसवलंस ना, ते लागलं.’ मग थोड्या वेळाने, ‘फाईल पाठवतो. पण फाईलवर विसंबून जाऊ नका, खिंडीच्या अलीकडे एक दरड आलीये म्हणतात. मीच येतो.’

राजकारण बाजूला ठेवणं म्हणजे काय, याचा माझा अर्थ त्या फोननंतर बदलला. आधी मला वाटायचं, विषय बंद केला की झालं. अमेरिकेत विणकाम करणाऱ्यांच्या रॅव्हलरी नावाच्या साईटने जून २०१९ मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या सरकारच्या समर्थनावर बंदीच घातली. कुणाला ते धाडस वाटलं, कुणाला एकतर्फी. मला दोन्ही बाजू पटतात, पण तो मार्ग आपला नाही. लोकर विणायला शेजारच्याचा हात धरावा लागत नाही. रतनगडाच्या शिडीवर लागतो.

आणि किल्ल्यांच्या ग्रुपमध्ये ‘राजकारण’ हा शब्द पुरतच नाही. पुतळा का पडला, गडावर रस्ता करायचा का, अतिक्रमण कुणाचं, पुरातत्त्व खात्याकडे पैसे आहेत का, हे सगळं सरकारशी संबंधित आहे आणि आमच्या छंदाचा भागही आहे. ते बंद केलं तर मागे फक्त सूर्योदयाचे फोटो उरतील. बंद करायचं ते वेगळं आहे. पक्षाची जाहिरात, नेत्यांची टिंगल, आणि ‘तुम्ही लोक’ असं म्हणून सुरू होणारं प्रत्येक वाक्य.

म्हणून आम्ही आता कम्युनिटी केलीय. एका छताखाली तीन खोल्या. घोषणा ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात. तारीख, गाडी, खर्च. दुसरा ग्रुप ‘वाटा’, तिथे गड, नकाशे, पाणी, दरडी, आणि हो, बांधकामाचे प्रश्नसुद्धा. तिसरा ‘चावडी’, ज्याला यायचं त्याने यावं. चावडीवर सात दिवसांनी मेसेज आपोआप गायब होतात, म्हणजे जूनची उधारी नोव्हेंबरमध्ये कुणी काढणार नाही. ‘वाटा’वर ते सेटिंग मुद्दाम बंद आहे आणि जीपीएक्स फाईली आता एका ड्राईव्ह फोल्डरमध्येही आहेत. मेसेज डिलीट करायचा तर दोन ॲडमिननी वाचल्याशिवाय नाही, आणि केल्यावर त्या माणसाला फोन करायचा. दोन ॲडमिन मुद्दाम वेगवेगळ्या मतांचे घेतलेत. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे डिलीट फार कमी होतं.

हे सगळं जमलंय असं मात्र समजू नका. फॉरवर्ड अजून येतात. चावडीवर पहिले चार दिवस जोरात गेले, नंतर ती ओस पडली. भांडायला प्रेक्षक लागतात आणि तिथे फक्त भांडणारेच उरले. महापालिकेच्या निवडणुका २०२२ पासून २०२६ पर्यंत रखडल्या होत्या; पुढची निवडणूक लागली की या व्यवस्थेची खरी परीक्षा.

डिसेंबरचा ट्रेक झाला. काका पुढे, आणि त्यांच्या मागे तो पोरगा ज्याने निकालाच्या रात्री त्यांना नको ते ऐकवलं होतं. दरडीपाशी काकांनी वरची वाट घेतली आणि प्रत्येकाला हात देऊन पार केलं, त्यालाही. कुमशेतला रात्री त्याने काकांच्या फोनवरून पुढची फाईल स्वतःच्या फोनमध्ये घेतली आणि रेंज नसताना ब्लूटूथने आणखी आठ जणांना दिली. माफी वगैरे मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

सहापैकी चौघे परत आलेत. उरलेल्या दोघांना मी परवा ड्राईव्हची लिंक पाठवली, सोबत फक्त पुढच्या ट्रेकची तारीख. एकाने अंगठा दाखवलाय. दुसऱ्याकडे अजून एकच टिक आहे.