कर्जाचा पहिला हिशेब शिरोलीत
ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत पुणे-बंगळूर महामार्गावर चढले, वाहतूक ठप्प झाली. महामार्ग बंद झाला की शिरोली एमआयडीसीचा श्वास कोंडतो: फौंड्रीला भंगार मिळत नाही, तयार कास्टिंग दारात पडून राहते, पाळीवरच्या कामगाराची मजुरी बुडते. कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी आता जागतिक बँकेचा पैसा येतो आहे. ही देणगी नव्हे, कर्ज आहे; फेडणार आपणच. त्यातून पुराचे जादा पाणी दुष्काळी भागात वळवायला वर्षे लागतील. महामार्गाचा भराव मात्र आजही पुराला आडवा येतो. तिथे खांबांवरचा पूल हवा, ही जुनी मागणी आहे. महामार्ग केंद्राचा, कर्ज राज्याचे. दोघांनी एकत्र बसून हे काम आधी मार्गी लावावे.