घर पाडण्याआधी माती-दगडांचा हिशेब मांडा



सुगी आटोपली, तुरीचे खळे झाले आणि ऊन तापू लागले, की मुखेडच्या बाजूच्या गावांतून जुनी घरे उतरवायला सुरुवात होते. कुणाला घरकुल मंजूर झालेले असते, तर कुणाला पोराच्या लग्नाआधी दोन पक्क्या खोल्या काढायच्या असतात. मुहूर्त पाहतात, गवंडी ठरवतात, सळई-सिमेंटचा भाव चार दुकानांत विचारतात. एक गोष्ट मात्र कुणी विचारीत नाही. आजोबांच्या वेळचे माळवद उतरले, दोन-दोन फूट रुंदीच्या भिंती पाडल्या, की ती सारी माती आणि तो दगड जायचा कुठे?

“बघू की, टाकू कुठे तरी,” म्हणून कामाला हात घातला जातो. हे ‘कुठे तरी’ म्हणजे बहुतेक वेळा गल्लीची कड, गावचा ओढा, नाही तर एखादा पडका आड. मग मृगाचा पाऊस येतो. नाली बुजलेली असते, पाणी तुंबते आणि शेजारच्या म्हातारीच्या उंबऱ्यावरून आत शिरते. तिचे धान्य भिजते, भांडण होते आणि दोन पिढ्यांचा शेजार एका पावसात तुटतो. नवे घर उभे राहते, पण शेजारी वास्तुशांतीला येत नाही.

हे टाळायचे असेल, तर पहार हातात घेण्याआधी पेन्सिल हातात घ्यावी. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद असे एक साधे माळवदाचे घर धरू. चार भिंतींची लांबी सत्तर फूट, रुंदी दोन फूट, उंची दहा फूट. गुणाकार केला की १,४०० घनफूट, म्हणजे १४ ब्रास होतात. वर दीड फूट मातीचा थर असेल, तर ४५० घनफूट, म्हणजे साडेचार ब्रास. मिळून साडेअठरा ब्रास झाले. पाडल्यावर माल फुगतो. चौथाई वाढ धरली, तरी २३ ब्रासच्या घरात जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. म्हणजे २३ खेपा! वजन पाहिले तर शंभर टनांच्या आसपास. घरकुलाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात, पण हा वाहतुकीचा खर्च पाया खणण्याआधीच अंगावर येतो. म्हणून तो अंदाजात आधीच धरावा.

पण भिऊन जाऊ नका. या २३ खेपांतल्या बहुतेक खेपा टाकायच्या नसतातच, वापरायच्या असतात. त्यासाठी घर एकदम ढकलून न देता वरून खाली, थराथराने उतरवावे. मीटरची वीज आधी अधिकृतपणे तोडून घ्यावी. भिंत सामाईक असेल, तर शेजाऱ्याला चार दिवस आधी सांगावे. आणि उतरवतानाच ढीग वेगळे करावेत.

पहिला ढीग लाकडाचा. तुळया, खांब, कडीपाट, चौकटी वाळवी पाहून निवडाव्यात. जुने सागवान नव्या घराच्या दारांना लागते. दुसरा ढीग दगडाचा. जोते, गोठ्याचा पाया, शेताच्या बांधाची ताल यांना तो उपयोगी पडतो. तिसरा मातीचा. नव्या जोत्यात भर घालायला, ओटा उचलायला, गोठ्याची जमीन करायला ती चालते. भिंतीची निव्वळ माती थोडी थोडी रानातही पसरता येते. मात्र तीत सिमेंटचे खडे, काचा, खिळे, प्लॅस्टिक असू नये. एक खिळा बैलाच्या खुरात गेला, तर मातीची सारी कमाई औषधात जाते. चौथा ढीग विटांच्या आणि काँक्रीटच्या तुकड्यांचा.

या तुकड्यांचा उपयोग आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिला आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, नाल्या उघड्या वाहायच्या थांबवल्या, आणि ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून बाहेर गेली. चार फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खड्डा घेतला, तर त्यात मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक असे थर देता येतात. हा माल विकत आणण्यापेक्षा आपल्याच पाडलेल्या घरातून निवडून घ्यावा. माती मात्र त्यात जाऊ देऊ नये, नाही तर खड्डा लवकर बुजतो. न्हाणीचे पाणी जिरते, चिखल आणि डास कमी होतात.

दगडाच्या बाबतीत आपल्याकडे एक भीती बसलेली आहे, आणि ती उगीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला आणि उस्मानाबादकडे भूकंप झाला. हजारो माणसे घरांखाली गेली, आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून “दगडाचे घर नको” असे लोक म्हणतात. पण दोष नुसत्या दगडाचा नव्हता. भिंती चिखलात रचलेल्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत बांधलेला नव्हता, आणि डोक्यावर मातीचे जड ओझे होते. तोच दगड सिमेंटच्या मालात, मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालून आणि वर सळईचा पट्टा देऊन बांधला, तर उपयोगी पडतो. मात्र हे जाणत्या माणसाच्या सल्ल्याने करावे.

आता परवानगीचे. मुखेड शहरात नगरपरिषदेकडून आणि गावठाणात ग्रामपंचायतीकडून बांधकामाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज देतानाच त्यात दोन ओळी जादा घाला: जुने घर पाडून अंदाजे इतके ब्रास माल निघेल, इतका जागेवर वापरू, उरलेला कुठे टाकावा ते कळवावे. उत्तर लेखी घ्या. पायाची माती किंवा मुरूम दुसऱ्याच्या जागेत न्यायचा असेल, तर आधी तहसील कार्यालयात विचारा. नाही तर ट्रॅक्टर अडवला जातो आणि दिवसाची मजुरी वाया जाते.

कायदाही हेच सांगत आला आहे. केंद्र सरकारने २०१६ साली बांधकामाच्या मलब्याचे नियम केले. मलबा आपल्या आवारात ठेवावा किंवा नेमून दिलेल्या ठिकाणी पोचवावा. रस्ता, नाली अडेल असा टाकू नये, असे त्यात होते. दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला एका कामावर ३०० टनांहून जास्त मलबा निघणार असेल, तर काम सुरू करण्याआधी त्याची योजना देऊन मंजुरी घ्यायची होती. २०२५ साली नवे नियम जाहीर झाले आणि त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरवला गेला. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर त्यांत मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. आपले घर एवढे मोठे नसते हे खरे. पण या नियमांचा भर शहरांवर आहे, म्हणून गावाने आपली सोय आपणच करावी. ग्रामसभेत ठराव करून मलब्याची एक जागा नेमावी. ती ओढ्यापासून आणि पिण्याच्या विहिरीपासून दूर असावी, आणि खड्ड्यातल्या पाणंद रस्त्याला भर म्हणून तोच माल द्यावा. शाळेची किंवा समाजमंदिराची जुनी इमारत पडते, तेव्हा ठेकेदारालाही हीच अट घालावी.

ओढ्यात मात्र एक टोपलेही टाकू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले, ते संकट वेगळ्या कारणाचे होते. पण पाण्याला वाट मिळाली नाही तर काय होते, हे मुखेड तालुक्याला आता कुणी शिकवायला नको.

आणखी दोन जपणुका सांगतो. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर ते घणाने फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की पुढे वर्षांनी रोग उमटतो. पाणी मारून ओले करावेत, नाक-तोंड बांधून अखंड उतरवावेत, पोरांना लांब ठेवावे. दुसरे, दगडाचा ढीग महिनोन्‌महिने पडू देऊ नका. त्यात साप-विंचू घर करतात. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशाच्या उपचारासाठी दूरवर माहीत आहेत, पण त्यांच्याकडे जायची वेळच का आणावी? दगड हाताने नव्हे, पहारीने उलटवावा. आणि कुणाला दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा.

कारभारणींनाही एक सांगणे आहे. पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरातून एक फेरी मारा. जाते, उखळ, पाटा-वरवंटा, कोनाड्यातली देवाची मूर्ती आधी बाजूला काढा. गडबडीत मातीखाली गेलेले जाते पुन्हा हाती लागत नाही.

घर पाहावे बांधून, असे म्हणतात. पण आधी ते नीट पाडून पाहावे. कुठला ढीग कुठे जाणार, खेपा किती, खर्च किती, शेजाऱ्याला सांगितले का, हे सारे वहीच्या एका पानावर मावते. ते पान लिहून झाले, की मगच पहिला दगड हलवा. मग वास्तुशांतीच्या पंगतीत शेजारची म्हातारी पहिल्या पानावर बसलेली दिसेल.